मऊ काचेचे ओरखडे

रेतीचा एक कण पुरतो. फिश टँकच्या भिंतीवर शेवाळ धरलं की आपण चुंबकाची घासणी लावतो: एक तुकडा आत, एक बाहेर. तळाच्या रेतीतला एखादा कण आतल्या तुकड्याखाली अडकलेला असतो, तो काही दिसत नाही. हात सवयीने वरून खाली फिरतो आणि हाताबरोबर एक चरा उमटत जातो. संध्याकाळी टँकमधला दिवा लागला की तो चरा रुपेरी तारेसारखा चमकतो, आणि त्यानंतर मासे कमी, चराच जास्त दिसू लागतो.

अशा वेळी बहुतेक जण खिडकीच्या काचा पुसायचा स्प्रे आणि फडकं शोधतात. टँक काचेचा असेल तर यात फार बिघडत नाही. टँक ॲक्रिलिकचा असेल, तर मात्र पहिल्या चुकीपेक्षा ही दुसरी चूक महाग पडू शकते. ॲक्रिलिक काचेसारखं दिसतं, पण वागतं अगदी वेगळं. काचेपेक्षा ते कितीतरी मऊ आहे, म्हणून त्याच्यावर चरा चटकन पडतो. आणि ते मऊ आहे म्हणूनच त्याच्यावरचा चरा घरच्या घरी, हाताने, पूर्ण घालवता येतो. काचेच्या बाबतीत हे जवळजवळ अशक्य असतं. हे शहाणपण फिश टँकवाल्यांनी शोधलेलं नाही. ते कातड्याच्या धंद्यातून निघालेल्या एका कारखान्यातून आणि लढाऊ विमानांच्या हँगरमधून फिरत फिरत आपल्या दिवाणखान्यात आलं आहे.

काचेचे दिवस

आधी काचेकडे जाऊ. ब्रिटनमध्ये काचेवर जबरदस्त कर होता, तो १८४५ साली उठला आणि काच स्वस्त झाली. पाचच वर्षांनी, १८५० साली, लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आपला एक साधा प्रयोग जाहीर केला. एका भांड्यात त्याने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि तळ्यातल्या गोगलगायी एकत्र ठेवल्या होत्या. मासे श्वास घेत, वनस्पती प्राणवायू देत, आणि कुजणारी पानं व शेवाळ गोगलगायी खाऊन टाकत. पाणी न बदलता हे भांडं महिनोन्‌महिने टिकलं. म्हणजे आधुनिक मत्स्यालयाची भिंत साफ करणारा पहिला कामगार गोगलगाय होता, आणि तिने कधी ओरखडा काढला नाही.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी स्वतंत्र काचेरी दालन उघडलं. त्याच्या उभारणीत फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचा हात होता. पुढच्याच वर्षी त्याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि मध्यमवर्गीय घरांत टँक ठेवायची लाट आली. हा शब्दही आज आपण वापरतो त्या अर्थाने त्याच्यामुळेच रुळला.

पण काचेची एक मर्यादा होती. मोठ्या टाकीतलं पाणी भिंतीवर प्रचंड दाब देतं आणि जितकं खोल जावं तितका तो वाढतो. काच जड असते, मोठ्या आकारात घडवणं अवघड, आणि फुटली तर एका क्षणात फुटते. म्हणून शंभर वर्षं सार्वजनिक मत्स्यालयं एकाच साच्यातली राहिली: जाड भिंती, मधे मधे खांब, आणि त्यांच्यामध्ये बसवलेल्या बेताच्या चौकटी. १९३८ साली फ्लोरिडात भल्यामोठ्या समुद्री टाक्यांचं मरीन स्टुडिओज सुरू झालं, तिथेही लोक जहाजाच्या खिडक्यांसारख्या छोट्या झरोक्यांतून आत डोकावत. समुद्र पाहायचा तर तुकड्यातुकड्यांनी पाहायचा, असाच रिवाज होता.

कातडी कमावणारा रसायनशास्त्रज्ञ

ओट्टो र्‍योम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०१ साली ट्यूबिंगेन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला, तो ॲक्रिलिक आम्लापासून बनणाऱ्या पदार्थांवर. विषय त्याच्या मनात राहिला, पण पोट भरलं दुसऱ्याच धंद्याने. त्या काळी कातडी कमावताना ती मऊ करण्यासाठी कुत्र्याची विष्ठा वापरत. या कामाच्या दुर्गंधीची कल्पना करायला फार कष्ट पडू नयेत. र्‍योमने त्याऐवजी प्राण्यांच्या स्वादुपिंडातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, वापरून ‘ओरोपॉन’ नावाचं द्रव्य बनवलं. ते विकण्यासाठी त्याने १९०७ साली ओट्टो हास या मित्राबरोबर ‘र्‍योम आणि हास’ ही कंपनी काढली. १९०९ साली कंपनी डार्मस्टाटला हलली आणि त्याच वर्षी हास अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात जाऊन तिथली शाखा उभारू लागला.

कातड्याच्या पैशावर ॲक्रिलिकचं संशोधन पुन्हा सुरू झालं. मोटारींसाठी न फुटणारी काच हवी होती आणि दोन काचांच्या मधे घालायला एखादा पारदर्शक थर मिळतो का, हे तपासलं जात होतं. मिथाइल मेथाक्रिलेट हा पाण्यासारखा पातळ, उग्र वासाचा द्रव. त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या बनल्या की त्याचा घट्ट, लख्ख पारदर्शक पदार्थ होतो. खिडकीत ठेवलेली या द्रवाची बाटली उन्हाने फुटली आणि आत घट्ट पारदर्शक ठोकळा मिळाला, अशी गोष्ट सांगतात. दोन काचांमधला थर शोधता शोधता हा पदार्थ स्वतःच काचेची जागा घेऊ शकेल, हे मात्र लक्षात आलं. १९३३ साली ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवलं गेलं.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये आय.सी.आय. कंपनीत रोलंड हिल या पदार्थावर काम करत होता आणि त्याचा सहकारी जॉन क्रॉफर्ड याने तो मूळ द्रव स्वस्तात बनवायची रीत शोधली. तिथे या पदार्थाचं नाव पडलं ‘पर्स्पेक्स’. ‘आरपार पाहणं’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून ते आलं आहे.

दोन्ही बाजूंची विमानं

मग युद्ध आलं. काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचा, हवा तसा वाकवता येणारा आणि फुटला तरी काचेसारखे धारदार तुकडे न करणारा पारदर्शक पदार्थ विमानांना हवाच होता. वैमानिकाच्या डोक्यावरचा घुमट आणि बंदूकधाऱ्याची गोल खोली त्यापासून बनू लागली. डार्मस्टाटचा कारखाना जर्मन विमानांसाठी ॲक्रिलिक बनवत होता आणि ओट्टो हासची फिलाडेल्फियातली कंपनी अमेरिकन विमानांसाठी. दोन मित्रांनी काढलेल्या धंद्याच्या दोन शाखा, आणि आकाशात एकमेकांवर गोळ्या झाडणारे वैमानिक एकाच पदार्थातून एकमेकांकडे पाहत होते. र्‍योम स्वतः युद्ध सुरू झालं त्याच महिन्यात, सप्टेंबर १९३९ मध्ये, वारला.

चरा ही गोष्ट जिवावरची झाली ती इथे. घुमटावरच्या बारीक चऱ्यांवर ऊन पडलं की समोरचं सगळं पांढुरकं होतं आणि सूर्याच्या दिशेने येणारं विमान दिसत नाही. लांबचं विमान तर ठिपक्याएवढंच दिसतं. घुमटावरचा डाग कोणता आणि शत्रू कोणता, हे ओळखायला वैमानिकाकडे दोन-चार सेकंद असतात. त्यामुळे जमिनीवरच्या लोकांना घुमट सांभाळायची शिस्त लावून घ्यावी लागली, आणि ती विमानदुरुस्तीच्या पुस्तिकांत अजून टिकून आहे. कोरडं फडकं कधीही फिरवायचं नाही, कारण धूळ म्हणजे बारीक रेतीच. आधी भरपूर पाणी ओतायचं. मग हातातली अंगठी काढून, उघड्या तळव्याने चोळत धूळ सोडवायची, कारण खर कुठे आहे ते फडक्याला कळत नाही, हाताला कळतं. पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन जवळ आणायचं नाही. चरा पडलाच तर बारीक आणि त्याहून बारीक अपघर्षकाने, ओलं ठेवून, तो घासून काढायचा. आज ॲक्रिलिकच्या टँकसाठी दिला जाणारा प्रत्येक चांगला सल्ला याच यादीतून आलेला आहे.

हे घुमट फुटायचेही. ऑगस्ट १९४० मध्ये गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या विमानाचा घुमट गोळ्यांनी फुटला आणि ॲक्रिलिकचे कण त्याच्या डोळ्यांत घुसले. अशा जखमी वैमानिकांवर उपचार करताना हॅरल्ड रिडली या डॉक्टरच्या लक्षात आलं की हे कण डोळ्यात वर्षानुवर्षं राहिले तरी डोळा त्यांच्यावर चिडत नाही. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्याने मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात ॲक्रिलिकचं भिंग बसवलं. पुढे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ‘ऑरोलॅब’ने १९९२ पासून अशी भिंगं भारतातच स्वस्तात बनवायला सुरुवात केली. तुमच्या आजी-आजोबांच्या डोळ्यात कदाचित याच घराण्यातला एखादा तुकडा असेल.

भिंत नाहीशी झाली

युद्धानंतर हा पदार्थ दुकानांच्या पाट्यांत, दिव्यांत, फर्निचरमध्ये शिरला. मत्स्यालयांनाही कळलं की काचेने घातलेली अट आता उरलेली नाही. ॲक्रिलिक हवं तितकं जाड ओतता येतं. दोन तुकड्यांच्या सांध्यात त्याच द्रवाचं मिश्रण भरून ते तिथेच घट्ट होऊ दिलं, की सांधा जवळजवळ दिसेनासा होतो.

१९८४ साली कॅलिफोर्नियात माँटेरे बे अ‍ॅक्वेरियम उघडलं. तिथल्या समुद्री वनस्पतींच्या जंगलाची टाकी २८ फूट उंच आहे आणि तिच्या ॲक्रिलिकच्या खिडक्या सात इंचांहून जाड आहेत. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला केली टार्लटन या पाणबुड्याने वापरात नसलेल्या सांडपाण्याच्या टाक्यांत मत्स्यालय केलं. ॲक्रिलिकचे पत्रे तापवून, वाकवून त्याने पाण्याखालून जाणारा बोगदा बांधला. २००२ साली जपानच्या ओकिनावात चुराउमी मत्स्यालय उघडलं. तिथल्या मुख्य टाकीत ७५ लाख लिटर पाणी आहे आणि समोरचा ॲक्रिलिकचा पडदा साडेबावीस मीटर रुंद, ८.२ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर जाड आहे. त्यामागून देवमाशासारखा प्रचंड व्हेल शार्क जातो, तेव्हा मधे हातभर जाडीची भिंत आहे हे लक्षातही येत नाही.

मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं, म्हणजे चौकटी आणि काचांच्या काळातलं. २०१५ साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडलं, तेव्हा तिथेही ॲक्रिलिकचा छोटा बोगदा आला. काचेच्या चौकटीसमोर उभं राहायचं, ते पाण्याखालून चालायचं झालं.

या मोठ्या भिंतींनाही चरे पडतातच. बाहेरून हजारो हात, अंगठ्या आणि बॅगांच्या कड्या लागतात. आतून दगड, वाळू आणि काही प्राणीही आपलं काम करतात. सी अर्चिन हा काटेरी चेंडूसारखा प्राणी शेवाळ खरवडताना दातांनी ॲक्रिलिकही खरवडतो. म्हणून अशा मत्स्यालयांत पाणबुडे टाकीत उतरतात आणि माशांच्या सोबतीने, पाण्याखालीच, हाताने भिंत घासतात. बाहेर उभ्या पर्यटकाला जे ‘काहीच नाही’ दिसतं, ते तसं दिसावं म्हणून कोणीतरी वर्षानुवर्षं खपत असतं.

चरा दिसतो म्हणजे काय

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना दोघांच्या वक्रीभवनांकात जितका फरक, तितका तो जास्त परततो आणि विखुरतो. हवेचा अंक १, पाण्याचा १.३३, ॲक्रिलिकचा १.४९. हवा आणि ॲक्रिलिक यांच्या सीमेवर समोरून आलेला सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. पाणी आणि ॲक्रिलिक यांच्या सीमेवर हेच प्रमाण जेमतेम ०.३ टक्के असतं. म्हणून बाहेरचा बारीक चराही डोळ्यात भरतो, आणि आतल्या तसल्याच चऱ्यात पाणी शिरल्यामुळे तो बराचसा लपतो. पाणी कमी केलं की आतले चरे अचानक ‘वाढलेले’ दिसतात, त्याचं कारण हेच. आतला चरा दिसतोय की नाही हे टँक भरलेला असतानाच ठरवावं. निम्म्या वेळा काही करायची गरजच नसते.

हलका चरा कसा काढायचा

चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर चरा हलका आहे आणि हाताने जाईल. अडकलं तर तो खोल आहे, तिथे घाई नको. आणि रेघ जर सांध्यातून किंवा कोपऱ्यातून निघून आत पसरत असेल, तर ती चरा नसून तडा असू शकते. तिला घासू नका, जाणकाराला दाखवा.

बाहेरच्या चऱ्यासाठी टँक रिकामा करावा लागत नाही. आधी साधं पाणी आणि उघडा तळवा वापरून तो भाग धुवा. मग गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर घ्या. नंबर जितका मोठा, तितका कण बारीक. हलक्या चऱ्याला २००० नंबरपासून सुरुवात करून बघा. त्याने काम होत नसेल तरच एक पायरी खाली, १५०० वर, या. कागद आणि भिंत दोन्ही सतत ओली हवीत. एकाच दिशेने, हलक्या हाताने घासा, आणि फक्त चऱ्यावर नाही तर त्याच्या चहूबाजूंनी तळहाताएवढ्या भागावर. चऱ्याएवढीच जागा घासली तर तिथे खळगा पडतो आणि त्यातून मासा वाकडातिकडा दिसतो. चरा दिसेनासा झाला की तिथे एकसारखा दुधी डाग दिसेल. घाबरू नका, तो असायलाच हवा. सगळं धुऊन २५०० किंवा ३००० नंबरचा कागद घ्या आणि आता आधीच्या काटकोनात घासा, म्हणजे मागच्या रेघा गेल्या की नाही हे कळतं. शेवटी ॲक्रिलिकसाठीचं पॉलिश जुन्या मऊ सुती कापडावर घेऊन हाताने फिरवा. दुधीपणा जातो आणि भिंत परत नाहीशी होते.

ड्रिल मशीनला पॉलिशिंगचं चाक लावायचा मोह टाळा. ॲक्रिलिक शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि फिरतं चाक एका जागी थांबलं तर घर्षणानेच तिथला पृष्ठभाग लिबलिबीत होऊन ओघळल्यासारखा होतो.

आतल्या बाजूला नियम कडक आहेत. मासे दुसरीकडे हलवणं सर्वांत बरं. पॉलिश, मेण, टूथपेस्ट यातलं काहीही पाण्यात जाता कामा नये. फक्त ओला बारीक कागद वापरा. आणि आरशासारखी चकाकी आणण्यात वेळ घालवू नका, उरलेलं काम पाणीच करतं.

आता सुरुवातीच्या त्या स्प्रेकडे. भरलेल्या टँकची भिंत पाण्याच्या दाबाने किंचित बाहेर फुगलेली असते आणि तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणाखाली असतो. ताणाखालच्या ॲक्रिलिकला अल्कोहोल, अमोनिया, थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागलं की त्याच्या लांब साखळ्या एकमेकींपासून सुटू लागतात आणि आत बारीक तडांचं जाळं उमटतं. नुकत्याच घासलेल्या जागेवर हे आणखी लवकर होतं. चरा पृष्ठभागावर असतो, घासून जातो. हे जाळं आत उतरलेलं असतं, ते पॉलिशने जात नाही, आणि ते भिंतीची ताकद कमी करतं. म्हणून पाणी आणि हात, एवढंच पुरेसं आहे.

बर्लिनची पहाट

भिंतीची ताकद म्हणजे काय, हे १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमध्ये दिसलं. तिथल्या एका हॉटेलमधलं ‘अ‍ॅक्वाडोम’ हे उंच गोल ॲक्रिलिकचं मत्स्यालय अचानक फुटलं. दहा लाख लिटर पाणी आणि सुमारे १,५०० मासे लॉबीतून रस्त्यावर आले. पहाटेचे सहाही वाजले नव्हते, लॉबी रिकामी होती, म्हणून दोन माणसं जखमी होण्यावर निभावलं. मासे मात्र जवळजवळ सगळे गेले. तपासणाऱ्या तज्ज्ञांना एकच एक कारण ठरवता आलं नाही. त्यांनी सांध्याची चिकट, तळाजवळची खाच आणि नूतनीकरणात टाकी रिकामी असताना ॲक्रिलिक कोरडं पडणं अशा शक्यता समोर ठेवल्या.

घरातल्या टँकवरच्या हलक्या चऱ्याने असं काही होत नाही, हे नीट लक्षात ठेवा. पण त्या तिन्ही शक्यतांकडे पुन्हा पाहिलं तर त्या सगळ्या देखभालीच्या गोष्टी आहेत. हँगरमधल्या माणसांना हे माहीत होतं. त्यांना चऱ्याची लाज वाटत नव्हती. चरा पडणार हे धरूनच ते रोज सकाळी बादली घेऊन घुमटापाशी उभे राहत आणि आधी अंगठी काढत.

पुढच्या वेळी चुंबकाची घासणी लावण्याआधी तिचा आतला तुकडा बाहेर काढा, नळाखाली धरा आणि बोटाने चाचपा. कण लागला तर तो धुऊन टाका. एवढ्यानेच वरचा अर्धा लेख तुम्हाला वापरावा लागणार नाही.